मत मी त्या मुलीलाच देणार

मालवण,
जुलै

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबांशी फोनवर भांडता येत नाही. दोनदा "हां, बरां" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून डोंबिवलीला दादाच्या पत्त्यावर हे पत्र. चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत बाबांनी स्वतः वाचायचं नाही, वहिनीकडून वाचून घ्यायचं. दादाला देऊ नका, तो त्याला नको ते परिच्छेद गाळतो.

तर टीव्हीवरच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेवरून रविवारी रात्री बाबांचा प्रश्न होता, "मत घातलंस काय गो? आपल्या जिल्ह्याचो झील आसा तो." नाही घातलं. या आठवड्यातही त्याला घालणार नाही. का, ते सविस्तर लिहिते, म्हणजे "लग्न होऊन मालवणात गेली, आता कुडाळची राहिली नाही" हे ऐकावं लागणार नाही. मुलगा कुडाळचाच नाही, कणकवलीकडचा आहे, हे तर तुम्ही सोयीने विसरलात.

इथे सध्या काय चाललंय ते आधी सांगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद. ह्यांची होडी वर ओढून झापांनी शाकारून ठेवलीय. त्यामुळे शनिवार-रविवार रात्री नऊला अख्खी वाडी टीव्हीपुढे. पावसाची मोठी सर आली की डिशचं सिग्नल जातं, आणि नेमकं तान सुरू होताना जातं. मग दहा जण दहा तऱ्हेने सांगतात की तान कशी झाली असेल. सासूबाईंचं मत पहिल्या भागापासून ठरलेलं आहे, मुलगा गोड दिसतो. भरड नाक्यावर फ्लेक्स लागलाय, "कोकणच्या सुपुत्राला भरघोस मतांनी विजयी करा". त्यावर मुलाचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे सात फोटो त्याच्यापेक्षा मोठे. गाण्याची स्पर्धा आहे की जिल्हा परिषदेची निवडणूक, हे परगावचा माणूस सांगू शकणार नाही.

त्याच्या गाण्याआधी त्यांनी जी फिल्म दाखवली, ती डोंबिवलीत तुम्ही डोळे पुसत बघितली असेल. इथे लोक हसून हसून लोळले. त्याच्या वडलांना होडीत बसवून जाळं विणताना दाखवलं. वडील वायरमन आहेत हो! सगळ्यांना माहीत आहे. त्यात हातात दिलेलं जाळं रापणीचं आणि होडी दोन माणसांची. रापण ओढायला किनाऱ्यावर अख्खा संघ लागतो. ह्यांनी तिथेच रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्या जाळ्यात ते स्वतःच गावतले." कोकण म्हटलं की होडी, विदर्भ म्हटलं की भेगाळलेली जमीन, कोल्हापूर म्हटलं की तालीम. वायरमनचा मुलगा चांगला गातो, एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता गाणं. त्याने नाट्यपद घेतलं, म्हणून तर बाबा विरघळले. आवाज चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. वरच्या पट्टीत जातानाही पातळ होत नाही. पण पदाचं काय झालं ते बघा. दोन मिनिटांत बसवायचं म्हणून मुखडा, एकच अंतरा आणि मग तानाच ताना. ज्या अंतऱ्यात पदाचा अर्थ उलगडतो तोच कापला. खाली ड्रम आणि कीबोर्डचा इतका भरणा की तबला फक्त दिसत होता. शेवटी लय एवढी वाढवली की दुसऱ्या तानेनंतर तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एक मात्रा आधीच आला. वादक सांभाळून घेणारे होते, त्यांनी झाकलं. बाबा, तुमच्या पेटीसमोर कोणी असं आलं असतं तर तुम्ही भाता बंद करून त्याच्याकडे बघत बसला असता. इथे तिन्ही परीक्षक उभे राहिले. एकाने बूट काढले. एक रडल्या. "तू गात नव्हतास, देव गात होता" वगैरे. देव मात्रा चुकत नसावा.

आणि त्याच्यानंतर बीडकडची ती मुलगी आली. तेव्हा तुम्ही जेवायला उठलात, हे आईने मला सांगितलंय. तिने संथ भावगीत घेतलं. पट्टी स्वतःच्या गळ्याची, उगाच चढवलेली नाही. ती श्वास कुठे घेते ते मी मुद्दाम बघत होते. शब्द मोडून एकदाही घेतला नाही, ओळ संपल्यावरच घेतला. एका जागी नुसती मींड होती, सूर न तोडता खाली उतरणारी. तिथे ती थांबली, घाई केली नाही, आणि मग पुढचा शब्द ठेवला. दहा-अकरा वर्षांची मुलगी असं थांबू शकते, याचं मला अजून नवल वाटतंय. आमच्या घरात तेव्हा कोणी बोलत नव्हतं, सासूबाईसुद्धा नाहीत. परीक्षक म्हणाले, "छान, पण थोडी एनर्जी कमी पडली." एनर्जी! पोरीने गाण्यात उड्या मारायला हव्या होत्या की काय? खालच्या तिघांत तिला उभं केलं ते मतं कमी म्हणून, आणि मतं कमी का, तर तिच्या तालुक्यात फ्लेक्स लावणारे सात जण नसतील.

बाबा, माझा राग परीक्षकांवर आहे त्याहून थोडा जास्त तुमच्यावर आहे. ऐकायचं कसं ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. झी टीव्हीवर सोनू निगम सूत्रसंचालन करायचा तो 'सा रे ग म' १९९५ साली सुरू झाला. पुढे आपल्या घरी केबल आली तेव्हा तुम्ही टीव्हीकडे पाठ करून बसायचात. दादा विचारायचा, बघत का नाही? तर म्हणायचात, "गाणा बघूचा नसता." तेव्हा एसएमएसची भानगड नव्हती. परीक्षक सांगतील तो निकाल, आणि तो पटला नाही तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पेटीवर तीच जागा वाजवून, ते कुठे चुकले ते आम्हाला ऐकवायचात.

मग काय झालं? मला वाटतं २००८-०९ चा तो 'लिटिल चॅम्प्स' नडला. सूत्रसंचालनाला पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि त्यांच्याकडून 'वरचा सा' हा सगळ्यात वरचा शेरा मिळाला की अख्ख्या आळीत टाळ्या. अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, दोघंही कोकणची. तरी तुम्ही मुग्धाला आपली मानायला तयार नव्हता, कारण अलिबाग मुंबईला फार जवळ! ५७५७५ वर मताचे मेसेज पाठवायला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मोबाइल गोळा केले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम सोहळा झाला, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली आणि तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. तिच्या भजनी बाजाच्या मोकळ्या गळ्याचं कौतुक तुम्ही स्वतःच आठवडाभर आधी केलं होतं, ते मात्र निकालानंतर कोणाला आठवेना.

त्या निकालाचा पुढे कोणाला काय फरक पडला, सांगा. त्याच पर्वातली आर्या आंबेकर गातेय, चित्रपटात नायिकाही झाली. लातूरचा रोहित राऊत 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत गेला. 'लिटिल चॅम्प्स'च्या २०२१ च्या पर्वात तर महाअंतिम फेरीतल्या त्या पाचही जणांना परीक्षकांच्या खुर्चीत बसवलं. डिसेंबर २०२३ मध्ये प्रथमेश आणि मुग्धाचं लग्न झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "झाली ना अखेर ती पण आपली!" शेजाऱ्यांच्या मोबाइलमधला बॅलन्स फुकट गेला तो गेलाच. त्यांचं गाणं ऐकणारे लोक मात्र त्यांना मिळाले, आणि ते काही सगळे रत्नागिरीचे किंवा आळंदीचे नाहीत.

स्पर्धा तुम्हाला नवीन आहे असंही नाही. भजनाच्या डबलबारीच्या जंगी सामन्याला तुम्ही मला खांद्यावरून नेलेलं आहे. समोरासमोर दोन बुवा, दोघांची पेटी, पखवाज, झांज, चकी, मागे कोरस. एकाने अभंग मांडला की दुसऱ्याने त्याला धरूनच उत्तर द्यायचं, मग गजर, मग गौळण. रात्र संपते तरी बारी संपत नाही. तिथे मत द्यायला नंबर नसतो. एखाद्या बुवाची बारी सुरू झाली आणि माणसं चहाला उठली, की तो समजतो. परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ, काशीराम परब ही नावं तुम्ही कानाला हात लावून घेता. ते कुठल्या गावचे म्हणून घेता का? समोरचा बुवा परक्या तालुक्यातला असला तरी त्याने गजर रंगवला की तुम्हीच आधी मान डोलवायचात, आणि आपल्या गावच्या मंडळींचा राग ओढवून घ्यायचात. नेरूरच्या त्या सामन्यानंतर महिनाभर दोन घरं आपल्याशी बोलत नव्हती. "बुवाचो दम गजरात कळता, गावात नाय," हे तुम्ही तेव्हा त्यांना ऐकवलं होतं.

हल्ली डबलबारीतही सिनेमाच्या चाली आणि एकमेकांना टोमणे फार झालेत, ते मला मान्य आहे. पण निदान जे घडतं ते समोर घडतं. टीव्हीवरचा भाग कधीतरी आधी चित्रित झालेला असतो, आवाज मिक्सिंगमधून धुऊन येतो, परीक्षकांचं तोंड उघडं पडलेलं कुठल्या तानेला आणि दाखवलंय कुठल्या, कोण सांगणार? म्हणून मी आता आवाजाच्या गोडव्यावर फारसं जातच नाही. श्वास, शब्द आणि थांबणं, एवढंच धरते. ते अजून तरी मशीनने होत नसावं.

आई, तुझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला जास्त पटतं. "त्या पोरांक रडवतत कित्याक?" बाद झालेल्या मुलाच्या तोंडासमोर कॅमेरा धरून विचारतात, कसं वाटतंय? आणि मागे आई-वडलांना उभं करतात. मोठ्यांचं एक वेळ चालेल. पण बारा वर्षांच्या मुलाचा आवाज उद्या फुटणार आहे. वर्ष-दोन वर्षं त्याला स्वतःचाच गळा ओळखू येणार नाही. त्या काळात फ्लेक्सवाले सात जण त्याला विचारायला येतील का? आमच्या शाळेत सहावीतला एक मुलगा तालुक्याच्या स्पर्धेत दुसरा आला, तर त्याच्या घरी दोन दिवस चूल थंड होती. ही टीव्हीची हवा आता तिथपर्यंत आलीय. मी त्याला आता गणपतीसाठी आमच्या भजनात चकी वाजवायला बसवलाय, ताल तरी पक्का होईल. गातोही मध्ये मध्ये, आपणहून.

आपल्या त्या कणकवलीच्या मुलाबद्दल माझ्या मनात काही नाही, बाबा. उलट माझं ऐकाल तर तो आता हरून घरी आलेला बरा. कोणीतरी त्याला तबल्यावर सावकाश विलंबितात बसवायला हवं, आणि ते काम स्टुडिओत होणार नाही. चतुर्थीला तुम्ही घरी असालच. त्याच्या मामाचं घर पिंगुळीत आहे, असं कळलंय. बोलवा त्याला आरतीला, द्या पेटी आणि सांगा ते पद पुन्हा म्हण, दोन्ही अंतऱ्यांसकट. मग तुमची मान डोलली तर मी फ्लेक्सवर आठवा फोटो लावीन.

बाकी ठीक. भातलावणी उरकत आलीय, असं काकांनी कळवलंय. खालच्या कुणग्यात पाणी जास्त झालं होतं, ते बांध फोडून काढलं. माजघराच्या कौलांतून गळत होतं, तिथे दोन कौलं बदलून घेतली. सुके बांगडे आणि सोलं कुडाळहून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतेय. बांगडे दादाच्या बिल्डिंगमध्ये भाजताना खिडक्या उघड्या ठेवा, मागच्या वेळी वॉचमन वर आला होता. डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घाला आणि टीव्हीपुढे फार बसू नका. कार्यक्रम लागला की खुर्ची भिंतीकडे वळवा, सवय आहेच.

मतदान सोमवारी सकाळी दहापर्यंत चालू असतं. आता मेसेज नाही, ॲपवरून द्यायचं, ते दादाचा मुलगा फोनवर टाकून देईल. आईच्या फोनवरही टाकायला सांगा, तिचं मत वेगळं आहे. बाबांनी जिल्ह्याला द्यायचं असेल तर खुशाल द्या. आई, तू कोणाला दिलंस ते मला दुपारी फोन करून सांग, बाबा झोपले की.

तुमची,
बाय