बाबांच्या जाग्या रात्री

फोर्ट ब्लिस, एल पासो, टेक्सास

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला बसलं की पाऊसपाणी, गुडघे आणि नातवंडं यातच वेळ संपतो, शिवाय तुमच्याकडं कुणी ना कुणी चहाला बसलेलं असतंच. म्हणून पत्र. बाबा, हे तुम्ही चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवाल हे मला माहीत आहे. दाखवा. फक्त मधलं काही गाळू नका.

आई, तू नेहमी विचारतेस, 'तिथं पोरांना मन घट्ट करायला शिकवतात म्हणजे काय गं करतात?' मी दरवेळी 'सांगते नंतर' म्हणून टाळलं. आज सांगते.

२०१६ मध्ये मी इथल्या आर्मीत भरती झाले. पहिल्याच वर्षी कॉम्प्युटरवर एक प्रश्नावली भरायला लावली, शंभराच्या वर प्रश्नांची. राग आला की काय करता, अडचण आली की सगळ्यांत वाईट तेच होणार असं धरून चालता का, मनातलं सांगायला जवळचं कुणी आहे का, अशा धाटणीचे प्रश्न. उत्तरं साहेबाला दिसत नव्हती, आपली आपल्यालाच. आपण जिथं उणे पडू त्यावरचे धडे मग तिथंच उघडायचे. मी ती रात्री अकराला बराकीत बसून घाईघाईनं उरकली होती. फॉर्म भरायचा म्हणून भरला.

मन घट्ट करायला शिकवायची ही योजना २००९ ची. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या पोरांमध्ये आत्महत्या वाढत होत्या. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल केसी यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांची मदत घेतली. त्यांच्या विभागानं शाळकरी मुलांसाठी असे धडे आधीच बसवले होते, तेच फौजेसाठी बेतले. योजनेच्या पहिल्या प्रमुख होत्या ऱ्होंडा कॉर्नम, फौजेतल्या डॉक्टर. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं, दोन्ही हात मोडले, तशा अवस्थेत त्या आठवडाभर इराकच्या कैदेत होत्या. परत आल्या आणि पुन्हा वर्दी चढवली. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हापासून मी ते धडे मन लावून करायला लागले. पुढं सार्जंट झाल्यावर दहा दिवसांचं प्रशिक्षणही केलं, आणि आता माझ्या तुकडीतल्या विशी-बाविशीतल्या पोरांना तेच शिकवते.

उपयोग कसा झाला, ते ऐका. कुवेतला नऊ महिने होते तेव्हाची गोष्ट. आई, तू तीनदा फोन उचलला नाहीस. माझ्या डोक्यात लगेच बाबा सातारला दवाखान्यात, सलाईन, आणि मला रजा मिळत नाही, इथवर सगळं होऊन गेलं. हात गार पडले होते. मग वही काढली आणि शिकवल्याप्रमाणं तीन रकाने आखले. सर्वांत वाईट काय होऊ शकतं, सर्वांत चांगलं काय, आणि बहुतेक काय झालं असेल. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'लाईट गेली असेल, फोन चार्ज नसेल.' तेवढं लिहीपर्यंत श्वास जागेवर आला. दुसऱ्या दिवशी कळलं, फोन गोठ्यात वैरणीच्या पाटीत राहिला होता. हे तुला मी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरा एक धडा आहे, कुणी आनंदाची बातमी सांगितली तर काय बोलावं याचा. बाबा, मी सार्जंट झाल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'म्हणजे आता जबाबदारी वाढली.' काळजीपोटीच म्हणालात, ते मला कळतं. पण तुम्ही 'कसं झालं, कोण कोण होतं, फीत कुणी लावली' असं विचारलं असतं, तर मी अर्धा तास बोलले असते. मीही माझ्या लेकाशी तुमच्यासारखंच बोलत होते, हे या धड्यानं दाखवलं. हल्ली आधी विचारते, उपदेश नंतर.

आता जे लिहायला बसले ते.

१९८९ ची दिवाळी. मी सहा वर्षांची. बाबा, तुम्ही श्रीलंकेतून रजेवर आला होता. शेजारच्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला आणि तुम्ही पडवीत पालथे पडलात, हात डोक्यावर. हातातला लाडू उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेला. पोरं हसली. आईनं त्यांना फटाके घेऊन देवळामागं पिटाळलं, आणि त्यानंतर एकाही दिवाळीला आपल्या दारात फटाका वाजला नाही. रात्री तुम्ही ओट्यावर बसून राहायचा. मी झोपेतून उठून यायचे तर आई शेजारी बसलेली असायची, न बोलता. 'त्यांना उष्णता झालीय, झोप लागत नाही' असं ती सगळ्यांना सांगायची. आपल्याकडं घरटी एक फौजी, आणि अशी उष्णता किती घरांत झाली असेल! भारतानं श्रीलंकेत धाडलेल्या शांतिसेनेचे अकराशेवर जवान तिकडं गेले. त्यातले तुमच्या ओळखीचे कोण, हे मी पस्तीस वर्षांत तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

बाबा, ती उष्णता नव्हती, आणि भित्रेपणा तर मुळीच नव्हता. हे मी पोरांना शिकवताना फळ्यापुढं उभी असते तेव्हा मला ओट्यावरचे तुम्ही दिसता.

एक स्पष्ट सांगते. या धड्यांनी सगळं बरं होतं असं मी मानत नाही. इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१४ मध्ये लिहिलं की नैराश्य आणि युद्धानंतरचा मनाचा आजार यानं कमी होतो, याला पुरेसा पुरावा नाही. आधी नीट चाचणी न घेता सगळ्या फौजेला लागू केलं, अशी टीकाही झाली. ती टीका मला पटते. हा व्यायाम आहे, आणि पाय मोडलेल्याला कुणी दंडबैठका सांगत नाही. त्याला डॉक्टर लागतो. माझ्या तुकडीतला एक मुलगा धडे पाठ असूनही रात्ररात्र जागा असायचा. त्याला मी वही दिली नाही, हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तुम्हाला तसं मी तेव्हा नेऊ शकले नाही. आता आई सांगते की तुम्ही अजून पहाटे तीनला उठून बसता. आपल्याकडं १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा, नंबर आहे. फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलतात. सैनिकांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात पुण्याला एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. ईसीएचएसमध्ये, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जाल तेव्हा डॉक्टरांना झोपेचंही सांगा. आई, तू सोबत जा आणि ते विसरले तर तू सांग.

माझ्यासाठी एक करा. या रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला व्हिडिओ लावीन, माझ्याकडं तेव्हा सकाळचे साडेसात असतील. कुणाला बोलवू नका. जाफन्यात तुमच्या शेजारच्या खाटेवर कोण झोपायचं, तेवढंच सांगा. नाही सांगावंसं वाटलं तर नुसते बसू, तुम्ही आणि आई ओट्यावर बसायचा तसे.

आई, फोन चार्ज करून ठेव, आणि गोठ्यात नेऊ नकोस.

तुमची,
धाकटी