क्रियापद अडलंय

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला पत्र नाही. कारणं देत बसत नाही, तुला पटायची नाहीत. तब्येत ठीक, गुडघा होता तसाच. लिहायला बसलोय ते एका क्रियापदासाठी. घरात हे सांगितलं तर कपाळाला हात लावून ताप बघतील.

अरादवरचं, म्हणजे नेगेव वाळवंटातल्या त्या प्राचीन यहूदी किल्ल्यातल्या देवळावरचं टिपण मराठीत करतोय. यहूदाचा राजा हिज्कीया याच्यावर एक वाक्य आहे: ‘हिज्कीयाने अरादचे मंदिर...’ पुढे काय लिहू? मोडले? बंद केले? पुरले? लपवले? तू म्हणणार ‘मोडले’, आणि बायबलातलं २ राजे १८:४ तोंडावर फेकणार: उच्च स्थानं, म्हणजे गावोगावची पूजास्थानं काढली, स्तंभ फोडले, अशेरा देवीचा खांब तोडला, मोशेच्या पितळी सापाचेही तुकडे केले. मान्य. पण अरादच्या गाभाऱ्यात फोडलेलं काहीच नाही रे! पायरीवरच्या दोन चुनखडीच्या धूपवेद्या, एक ५२ सेंटिमीटर उंच, एक ४०, दोन्ही अलगद आडव्या केल्या आणि वर माती घातली. आग नाही, घणाचा घाव नाही. वरच्या खळग्यात जळलेल्या धुपाचा थर तसाच. शत्रूनं केलं असतं तर असं राहिलं असतं का?

तो थर २०२०मध्ये तपासून आला तेव्हा तू पंधरा दिवस हसत होतास. मोठ्या वेदीवर ऊद आणि जनावराची चरबी. धाकटीवर गांजा, शेणात मिसळलेला. शेण का, हे तुझ्या त्या शहरी मित्राला कळलं नव्हतं. गोवरीवर धूप घालणाऱ्याला सांगावं लागत नाही. शेण मंद जळतं, गांजा मंद आचेवरच धरतो, भडकला की वाया. उदाला जास्त ताव लागतो, म्हणून तिथे चरबी. बायबलातल्या निर्गम ३०मधल्या धुपाच्या कृतीत मात्र चार सुगंधी द्रव्यं, समभाग, वर मीठ. गांजाचं नावही नाही. मोशेच्या पुतण्यांना, नादाब-अबीहूला, परक्या अग्नीपायी जीव गमवावा लागला, आणि हे गडी किल्ल्यात बसून... असो. सर असते तर त्यांनी हे वाक्य खोडलं असतं.

अंगणातली होमवेदी बघ. न घडवलेले दगड आणि माती, बाजू अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे निर्गम २७चे पाच हात, आणि २०:२५ प्रमाणे दगडाला हत्यार लावलेलं नाही. नियमाला इतकी धरून असलेली वेदी नियमाच्याच नावाखाली जाते! उलट जवळच्याच बैर-शेबा शहरातली वेदी ताशीव दगडांची, एका दगडावर साप कोरलेला. तिचे दगड कोठाराच्या भिंतीत चिणलेले सापडले, तीन शिंगं धड, एक तुटकं. ‘गवंड्याला आयते दगड मिळाले, यात हिज्कीयाची धर्मसुधारणा कसली?’ असं मी वीस वर्षं म्हणत आलो. ते आता मागे घेतो. (हे पत्र कुमुदताईला दाखवू नकोस.)

मागे का घेतो? एक, लाखीश, यहूदाचंच दुसरं मोठं शहर. वेशीतल्या देवडीत वेद्यांची शिंगं छाटलेली आणि आत भोकाची दगडी बैठक, म्हणजे शौचकूप. तपासणीत ते कधी वापरलेलंच नाही असं निघालं. नुसता विटाळ घालायला बसवलेलं. येहू राजानं परक्या बआल देवाच्या देवळाचं जे केलं (२ राजे १०:२७), तेच. दोन, रब्शाके. यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून हा अश्शूरी सरदार विचारतो: ज्याच्या वेद्या हिज्कीयानं काढल्या, त्याच देवावर भरवसा ठेवता? शत्रूला टोमणा मारता येतो, म्हणजे लोकांत त्याची कुजबुज असणारच.

पण ‘मोडले’ तरीही बसत नाही. ‘लपवले’ म्हणावं, तर किल्ला पुन्हा बांधला, देऊळ नाही. लपवलेलं माणूस परत काढतो. अरादचं उत्खनन करणारा अहरोनी म्हणायचा, आधी हिज्कीयानं होमवेदी बंद केली, मग पुढच्या योशीया राजानं देऊळ. त्याच्याच चमूतला हर्झोग म्हणतो, सगळं एकदम, हिज्कीयाच्याच काळात. मी हर्झोगकडे झुकतो. हुकूम राजाचा, हात मात्र तिथल्याच पुजाऱ्याचा. लाखीशला शिपाई पाठवले असतील, इथे कुणीतरी आपल्या देवाला निजवलं.

आणि राजाला काय हवं होतं? तू म्हणशील श्रद्धा. मला कोठारं दिसतात. ‘राजाचे’ असा शिक्का मारलेले ते रांजण आठव, अश्शूरचा राजा सन्हेरीब इ.स.पू. ७०१मध्ये चालून येण्याआधी भरून ठेवलेले. एक देव, एक वेदी, एक खजिना. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १२वा अध्याय वाचताना बोकड कापणाऱ्याचा विचार कर: वेदी दूर यरुशलेमला गेली, म्हणून घरी कापायची मुभा, रक्त पाण्यासारखं जमिनीवर ओतायचं. कालपर्यंत पूजा होती, आज नुसतं मटण. यावर तू भांडणार, भांड.

पुढे साधारण शंभर वर्षांनी त्याच किल्ल्यात एल्याशीब नावाचा कोठारवाला पीठ, तेल, द्राक्षारस मोजून देतोय. त्याला आलेल्या एका खापरावरच्या पत्रात कुणाबद्दल तरी लिहिलंय: तो यहोवाच्या घरी आहे. कुठल्या घरी, ते लिहायची गरज उरली नव्हती, एकच उरलं होतं, यरुशलेमचं. पायाखाली दोन वेद्या आडव्या पडल्या होत्या, ते एल्याशीबला ठाऊक होतं का?

तूर्त ‘निजवले’ लिहिलंय. संपादक खोडणार. तुला दुसरं सुचलं तर कळव.

धाकटीचं लग्न ठरलं असं ऐकलं, छान झालं, तारीख कळव. वहिनींचं मोतीबिंदूचं उरकलं ना? माझं हर्झोगचं पुस्तक तुझ्याकडेच आहे, नाकारू नकोस.

तुझा,
सदू