सईच्या दुखण्याविषयी

दादर, मुंबई

प्रिय नीलिमा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सईची सोनोग्राफी नॉर्मल आली, डॉक्टरांनी ‘या वयात पाळीत दुखतेच’ म्हणून वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि लग्नानंतर सगळे आपोआप थांबेल असा निर्वाळा तुझ्या सासूबाईंनी दिला, हे वाचल्यापासून मला चैन नाही. दर महिन्याला मुलगी कॉलेज बुडवून, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडून राहते आणि त्या दिवसांत शौचाला बसतानाही कळवळते, हे नेहमीचे दुखणे नव्हे. हा एंडोमेट्रिओसिसच आहे असे मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण ती शक्यता कुणी विचारातच घेतली नाही, याचा मला राग येतो.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते; बीजकोषांवर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. पाळीच्या हार्मोन्सचा परिणाम तिच्यावरही होतो, तिथे दाह होतो आणि पुढे अवयव एकमेकांना चिकटूही शकतात. बीजकोषात जुने रक्त साठून गाठ झाली, की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. अशी गाठ सोनोग्राफीत दिसते, मात्र आवरणावरचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. त्यातून आपल्याकडे अविवाहित मुलीची सोनोग्राफी सहसा पोटावरूनच करतात आणि तिच्यात आणखी कमी कळते. म्हणून तो नॉर्मल रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द समजू नकोस. पूर्वी दुर्बिणीतून आत पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला आहे आणि लक्षणांवरून औषधे सुरू करण्यास मोकळीक दिली आहे. तेव्हा सईला लगेच ऑपरेशनची भीती घालू नका.

मला स्वतःला या आजाराचे नाव तिशी उलटल्यावर कळले. तोवर पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी स्टेशनच्या पुलाचा जिना कठड्याला धरून एकेक पायरी चढत असे, मागची गर्दी खेकसत असे आणि लेडीज डब्यात उभे राहायला जागा मिळाली तरी कुणाचा धक्का पोटाला लागू नये म्हणून पर्स पुढे धरावी लागे. रजेच्या अर्जावर मी दर वेळी ‘ताप’ लिहीत असे, कारण पाळीचे दुखणे हे आमच्या कचेरीत कारण म्हणून चालत नसे. माझ्या हजेरीवरून माझ्याबद्दल जे मत झाले, ते पुढे बढतीच्या वेळी माझ्या आड आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे, आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षे लागतात. एवढ्या काळात शिक्षण, नोकरी आणि संसाराची घडी बसायची असते, हे तुला वेगळे सांगायला नको.

लग्नाच्या उपायाबद्दल मात्र मी स्पष्ट लिहिते. या आजारात शरीरसंबंधाच्या वेळीही असह्य दुखू शकते. जिला आधीच कुणी खरे मानत नाही, तिला ते नवऱ्याला सांगण्याची वेळ आणायची, याला मी उपाय म्हणणार नाही. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरते बरे वाटते, पण आजार जात नाही. काहींना मूल राहायला अडचण येते हे खरे, मात्र अनेकींना आपसूक दिवस जातात. सईच्या मनात आतापासून ती धास्ती भरू नये.

पुरते बरे करणारे औषध अजून नाही, तरी दुखणे आटोक्यात ठेवता येते. डायनोजेस्टसारख्या हार्मोन्सच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या देतात. त्यांनी भागले नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात, पण शस्त्रक्रियेनंतरही आजार काहींना पुन्हा उद्भवतो. गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट घरात दिसले म्हणून कुणी भुवया उंचावल्या, तर तू तिच्या बाजूने उभी राहा. त्या गोळ्यांनी पुढे मूल होण्याची शक्यता कायमची जात नाही. आजार किती पसरला आहे आणि किती दुखते यांचा मेळ नसतो, त्यामुळे ‘थोडेच तर आहे’ असे कुणी म्हटले तरी तिचे दुखणे थोडे ठरत नाही.

सईला एका वहीत रोज लिहायला सांग: कुठे दुखले, कधी, शौचाला किंवा लघवीला त्रास झाला का, कोणती गोळी घेतली, काय बुडाले. एंडोमेट्रिओसिसचा अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच ती वही घेऊन जा. मी ज्यांच्याकडे जाते, त्या दादरमध्येच बसतात आणि घाई न करता ऐकून घेतात. तू वार कळवलास की मी वेळ घेऊन ठेवते आणि सोबतही येते. आत मात्र थोडा वेळ सईला एकटीला बोलू दे, आईसमोर मुली सगळे सांगत नाहीत. आणि हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवावेसे वाटले, तर माझी हरकत नाही.

तुझी,
सुजाता