थायलंडचे घरभाडे आणि इथला टीडीएस

महोदय,

निवृत्तीनंतर थायलंडात कमी खर्चात ऐटीत राहता येते, असे सांगणाऱ्या चित्रफिती सध्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत आहेत. मुंबई-पुण्यातल्या भाड्यांच्या मानाने उत्तर थायलंडातल्या चियांग माई शहराची भाडी खरोखरच कमी आहेत. मात्र त्या हिशेबात घरभाडे आणि भाजी एवढेच धरलेले असते.

व्हिसाशिवाय मिळणारा प्रवेश पर्यटकांसाठी असतो. निवृत्त म्हणून तिथे राहायचे तर वय किमान 50 लागते. आधी 90 दिवसांचा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा घ्यायचा आणि मग निवृत्तीच्या कारणावर वर्षाची मुदतवाढ मागायची. त्यासाठी थाई बँकेत स्वतःच्या नावावर 8 लाख बात (वीस लाख रुपयांहून अधिक) लागतात किंवा महिना 65 हजार बात उत्पन्न दाखवावे लागते. ठेव अर्जाआधी दोन महिने खात्यात हवी. मुदतवाढ मिळाल्यावरही तीन महिने तिला हात लावायचा नाही आणि पुढे शिल्लक 4 लाखांखाली जाऊ द्यायची नाही. ‘पैसे आपलेच तर आहेत’ म्हणून मधेच काढले की पुढच्या वर्षीचा अर्ज अडतो. दर 90 दिवसांनी पत्त्याची नोंद करावी लागते. भारतात लग्नकार्याला यायचे तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढावा (एका फेरीचे 1,000 बात, अनेक फेऱ्यांचे 3,800). तो न काढता विमानात बसलात तर मुदतवाढ तिथेच संपते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

खरा घोळ होतो तो इथल्या बँकेत. अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलेला माणूस फेमा या परकीय चलनविषयक कायद्याने अनिवासी ठरतो आणि त्याला आपले बचत खाते एनआरओ (अनिवासींचे रुपयातले खाते) करून घ्यावे लागते. अनेक जण ‘कोण बघतंय’ म्हणून तसेच ठेवतात, तो नियमभंगच आहे. खाते बदलले की मुदतठेवीच्या व्याजावर सरसकट 31.2 टक्के टीडीएस (बँकेने आधीच कापायचा कर) लागतो. टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा, 15 एच म्हणून ओळखला जाणारा ज्येष्ठांचा अर्ज अनिवासींना भरता येत नाही. 12 लाखांपर्यंत कर शून्य करणारी सवलतही फक्त निवासींसाठी आहे. समजा, वर्षाला 8 लाख रुपये व्याज मिळते आणि दुसरे उत्पन्न नाही. पुण्यात राहिलात तर नव्या करप्रणालीत कर शून्य. अनिवासी झालात तर आर्थिक वर्ष 2025-26 च्या दरांनी कर 20,800 रुपये, पण बँक आधी 2,49,600 कापून घेते. जादा कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, तोवर घरखर्च कशातून भागवायचा हे आधीच ठरवलेले बरे.

थायलंडचाही कर आहे. कॅलेंडर वर्षात 180 दिवस तिथे काढले की तुम्ही तिथले कर-निवासी. 2024 पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न तिथे आणले की ते करपात्र धरले जाते. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ कागद दाखवल्यावरच मिळतो. म्हणून इथल्या कराच्या पावत्या आणि जुन्या बचतीचे 31 डिसेंबर 2023 चे खातेउतारे जपून ठेवावेत.

आजारपणाचे काय? इथल्या मेडिक्लेमवर बहुधा भारतातच उपचार होतात, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, सीजीएचएसही इथेच चालते. ‘तिकडे उपयोग नाही’ म्हणून हप्ता बंद करू नये. दुखणे घेऊन परत यावे लागले तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि सत्तरीत नवी पॉलिसी मिळेलच असे नाही. भारतातले सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवावे, ओटीपी आला नाही तर स्वतःचेच पैसे हलवता येत नाहीत. हयातीच्या दाखल्यासाठी बँकॉकचा भारतीय दूतावास किंवा चियांग माईचा वाणिज्य दूतावास आहे.

घर विकत घ्यायची घाई नको. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते आणि पैसे बाहेरून परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद लागतो. एकट्याच्या नावावरची थाई ठेव वारसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय सहसा मिळत नाही, त्यामुळे तिथल्या मालमत्तेपुरते वेगळे थाई मृत्युपत्र करावे.

आणि चियांग माई डिसेंबरात पाहून ठरवू नये. फेब्रुवारी ते एप्रिल शेतातला पालापाचोळा आणि जंगले जळतात, डोंगरांच्या खोलगटीत धूर साचून राहतो. दम्याच्या माणसाने मार्चमध्ये तिथे महिनाभर भाड्याने राहावे, मगच ठेवीचा विचार करावा.

— एक सनदी लेखापाल, पुणे