कंबर कोणाच्या हाती द्यायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सध्या अंबाजोगाई-केज भागात मंगल कार्यालयांवर 'मणक्याची गादी एका बैठकीत बसवून मिळेल' असे शिबिरांचे फलक दिसतात. खाली बारीक अक्षरांत 'ऑस्टिओपॅथी', म्हणजे हातानं सांधे-स्नायू मोकळे करायची उपचारपद्धत. मला या उपचाराचा गुण आलेला आहे, म्हणूनच लिहितो.

मी एसटीचा निवृत्त चालक. घाटातली ड्युटी, पाय कायम क्लचवर. पुढं पुढं कंबर अशी धरायची की केबिनमधून उतरल्यावर दांडा धरूनच उभं राहावं लागे. आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. त्याची लाथही खाल्ली. पट्टा बांधला, गोळ्यांनी पित्त खवळलं. डॉक्टरांनी फोटो काढून 'ऑपरेशनचं काम नाही' सांगितल्यावर छत्रपती संभाजीनगरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेलो. त्यांनी ऑस्टिओपॅथी वेगळी शिकलेली. दुखत्या जागेला त्यांनी आधी हातच लावला नाही. खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "काका, गाडी चालवून दाखवा." मी हवेतच क्लच दाबला, गिअर टाकला. क्लच दाबताना मी श्वास कोंडतो आणि सगळा भार उजव्या कुल्ल्यावर टाकतो, हे उभ्या नोकरीत मला उमगलं नव्हतं. मग बरगड्या, मांडीचा सांधा हळूहळू मोकळा केला. एकदा कट्ट वाजलं, मी खूश. तर म्हणाल्या, "हाड जागेवर बसलं असं नाही काका, सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा आवाज." व्यायाम लिहून दिले. आधी झोप लागायला लागली, दुखणं मागाहून उतरलं. सोयाबीनच्या राशीला फार वाकलो तर चमक अजूनही निघते.

ही विद्या अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८७४ साली मांडली. ब्रिटनमध्ये तिच्यासाठी १९९३ साली कायदा झाला. नोंदणी नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं तिथं गुन्हा आहे. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात व्यायामाबरोबर मणक्यावरच्या हाताच्या उपचारांनाही जागा आहे. पट्टा बांधणं आणि वजनं लावून कंबर ताणणं मात्र सरसकट नको, असं त्यात म्हटलंय. आपल्याकडची गाडी त्याच दोन थांब्यांवर अडकलेली!

शिबिरात माणसं ओळीनं झोपवतात आणि काही न विचारता मान मोडतात. मानेला झटका देताना मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. क्वचित होते, पण झाली तर लकवा. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, वजन घटणं, यातलं काही असेल तर आधी दवाखाना. मणक्याचा टीबी आपल्याकडं नवा नाही, म्हाताऱ्यांची हाडं ठिसूळ असतात. हे सगळं विचारायला वेळ लागतो, आणि शिबिरात पुढचा माणूस चप्पल काढून उभाच असतो.

आरोग्य विभागाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. शिबिराच्या फलकावर उपचार करणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी क्रमांक सक्तीचा करा. आणि ग्रामीण रुग्णालयांत हातानं उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या वारी तरी बसवा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईला संभाजीनगरचं भाडं आणि फी झेपणारी नाही. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडं निघतात. त्यांची तपासणी त्याआधी गावातच व्हावी.

आपला वाचक,
एक निवृत्त एसटी चालक, अंबाजोगाई (जि. बीड)