स्त्रीबीजाचे वय: बॅटरीइतकेच कड्यांचेही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्त्रीबीजाच्या वाढत्या वयावरचा आपल्या विज्ञान पुरवणीतील लेख वाचला. ‘वयाबरोबर पेशीची बॅटरी उतरते’ हा त्याचा गाभा. हे चूक नाही, अर्धवट आहे. आणि त्या अर्धवटपणामुळेच लेख शेवटी बॅटरी ‘चार्ज’ करणाऱ्या गोळ्यांपर्यंत घसरला. गुणसूत्रे धरून ठेवणारी प्रथिनांची कडी वयाबरोबर गळतात, या मोठ्या बिघाडाचा त्यात उल्लेखच नाही.

सस्तन प्राण्यांच्या मादीत अंडपेशी, म्हणजे स्त्रीबीजे, जन्माआधीच तयार होतात. माणसात गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या आसपास त्या ६० ते ७० लाख असतात, जन्मताना १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३-४ लाख. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धसूत्री विभाजन गर्भातच सुरू होते आणि पहिल्याच टप्प्यात अडून राहते. ती पेशी पिकून बाहेर पडण्याची पाळी येईपर्यंत तशीच थांबते: उंदरात काही महिने, माणसात १५ ते ५० वर्षे.

या मुक्कामात गुणसूत्रे कशी धरलेली असतात, हा खरा प्रश्न. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जोडीतल्या प्रत्येक गुणसूत्राची नक्कल आधीच झालेली असते, म्हणजे एकूण चार धागे. गुणसूत्र आणि त्याची नक्कल यांना कोहेसिन नावाच्या प्रथिनांची कडी एकत्र धरतात. अंडपेशीतल्या या कड्यांचा कळीचा भाग म्हणजे रेक८ हे प्रथिन. आईचे आणि वडिलांचे गुणसूत्र मात्र एकमेकांना थेट बांधलेले नसते. मध्ये किमान एका ठिकाणी धाग्यांची अदलाबदल झालेली असते, आणि त्या ठिकाणापासून टोकापर्यंतची कडी शाबूत आहेत म्हणूनच जोडी टिकते. अदलाबदल टोकाजवळ झाली असेल तर धरून ठेवायला कडी थोडीच उरतात. त्यातली काही गळली की जोडी सरळ निसटते. २१ किंवा २२ क्रमांकाच्या लहान गुणसूत्रांवर बहुधा एकच अदलाबदल होते, त्यामुळे तिथे धोका जास्त.

आता मुख्य मुद्दा. ही कडी गर्भावस्थेत, डीएनएची नक्कल होताना बसवली जातात आणि पुढे बदलली जात नाहीत. २०१० आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांनी हे दाखवले. युक्ती साधी होती: गर्भावस्थेत बसणारे रेक८ एका विशिष्ट एन्झाइमने कापता येईल असे केले, आणि नंतर बनणारे रेक८ त्याला दाद देणार नाही असे. मग पेशीत ते एन्झाइम तयार करवले. नवे, न कापले जाणारे रेक८ हाताशी असूनही गुणसूत्रे सुटी झाली. म्हणजे नव्या प्रथिनाने जुन्या कड्यांची जागा घेतलेलीच नव्हती. चाळिशीतल्या स्त्रीबीजातली कडीही याच हिशेबाने चाळीस वर्षे जुनी, आणि तीही गळत गळत उरलेली.

पहिल्या विभाजनाच्या वेळी सेपरेज हे एन्झाइम गुणसूत्रांच्या बाहूंवरची कडी कापते. गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे जुळे धागे जिथे जोडलेले असतात त्या जागी, असलेली कडी मात्र दुसऱ्या विभाजनासाठी राखायची असतात, म्हणून शुगोशिन हे प्रथिन तिथे पहारा देते. उंदरांमध्ये वयाबरोबर रेक८ कमी होते आणि हा पहारेकरीही कमी होतो. परिणामी जोड्या विभाजनाआधीच सुटतात, किंवा दोन जुळे धागे दुसऱ्या विभाजनाची वाट न पाहता वेगळे होतात. त्यातच एखाद्या गुणसूत्राची पकड चुकली तरी अंडपेशीतली तपासणी यंत्रणा विभाजन थांबवतेच असे नाही. डाऊन सिंड्रोमचे प्रमाण आईच्या विसाव्या वर्षी साधारण १,५०० जन्मांत एक, पस्तिसाव्या वर्षी ३५० जन्मांत एक आणि चाळिसाव्या वर्षी १०० जन्मांत एक असते. वयाबरोबरच्या या वाढीच्या मुळाशी मुख्यतः हेच आहे असे मानले जाते.

कड्यांचा हा ऱ्हास प्रयोगशाळेत मोजता येतो. अंडाशयातून काढलेल्या अपक्व पेशी माध्यमात वाढू दिल्या की उंदरात साधारण दोन तासांत केंद्रकाचे आवरण विरते आणि सहा-आठ तासांत पहिली मध्यावस्था (गुणसूत्रे पेशीच्या मध्ये रांगेत येण्याचा टप्पा) येते. मग आम्लाने बाहेरचे कवच विरघळवून पेशी १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडच्या थेंबात काचपट्टीवर फोडतात, गुणसूत्रे पसरतात, त्यांवर रेक८ला आणि गुणसूत्रबिंदूंना चिकटणारी, चमकणारी प्रतिपिंडे लावतात. वयस्क मादीच्या पेशीत रेक८ची चमक फिकी दिसते आणि जुळ्या बिंदूंमधले अंतर वाढलेले. इथे दोन चुका हमखास होतात. पेशी गार टेबलावर राहिली की विभाजनाचा तर्कू, म्हणजे गुणसूत्रे ओढून वेगळी करणारा तंतूंचा सांगाडा, कोसळतो, आणि तो दोष वयाच्या माथी मारला जातो. दुसरी चूक बीजोत्सर्गानंतरच्या वेळेची. बीजोत्सर्ग घडवणाऱ्या इंजेक्शननंतर १३ ते १६ तासांत बीजे गोळा केली नाहीत तर तरुण उंदरीचेही बीज काही तासांत ‘म्हातारे’ होते. पण हे म्हातारपण वेगळे, बीजवाहिनीत फलनाची वाट पाहताना येणारे. आपल्या लेखात ही दोन्ही एकाच परिच्छेदात कालवली आहेत.

उंदरावरून माणसाबद्दल बोलतानाही जपायला हवे. मानवी अंडपेशीत तर्कू उभा राहायला जवळपास सोळा तास लागतात, उंदरात याहून खूपच कमी. शिवाय तर्कूला स्थिर ठेवणारे केआयएफसी१ हे मोटर प्रथिन मानवी अंडपेशीत तुटपुंजे असते, हे २०२२ साली दिसून आले. म्हणजे आपली अंडपेशी तरुणपणीही चुकांना जवळचीच.

बॅटरीचे म्हणाल तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचा ऱ्हास खराच आहे. वयस्क उंदरांत ऊर्जानिर्मितीला लागणारा एनएडी+ हा रेणू घटतो, आणि एनएमएन (ज्यापासून एनएडी+ बनते) किंवा कोएन्झाइम क्यू१० ही पूरके दिल्यावर अंडपेशींची गुणवत्ता सुधारल्याचे प्रयोग आहेत. या संशोधनाला आमचा आक्षेप नाही. पण ऊर्जा वाढली म्हणून गळलेली कडी परत बसत नाहीत, आणि उंदराच्या पिंजऱ्यातला निष्कर्ष औषधाच्या बाटलीवर छापण्याइतका पक्का नसतो.

शेवटी लेखासोबतच्या चौकटीतली दुरुस्ती. एएमएच या हॉर्मोनची रक्ततपासणी ‘स्त्रीबीजाचे वय सांगते’ असे तिथे छापले आहे. हे हॉर्मोन वाढीला लागलेल्या लहान पुटिकांमधल्या (अंडाशयातल्या, स्त्रीबीज सामावणाऱ्या पिशव्यांमधल्या) ग्रॅन्युलोसा पेशी तयार करतात. साठा किती उरला याचा अंदाज त्यावरून येतो, त्या साठ्यातल्या पेशींची कडी शाबूत आहेत की नाहीत हे नाही. पंचविशीत एएमएच कमी असलेल्या स्त्रीची बीजे थोडी असतील, पण ती पंचविशीचीच. बेचाळिशीत ते चांगले आले तरी बीजे बेचाळिशीची. स्त्रीबीजे गोठवण्याबाबतही तसेच: उणे १९६ अंशांवर घड्याळ थांबते, पण गोठवण्याच्या दिवशी जे झिजले होते ते झिजलेलेच राहते. चौकटीतले ते वाक्य पुढील अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

आपले,
पेशीजीवशास्त्राचे दोन अभ्यासक