रक्तदाब मोजताना हात टेबलावर हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रक्तदाबावरील संशोधनाच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. अमुक आकड्याच्या वर गेल्यास हृदयाला धोका, तमुक आकड्याच्या खाली आणल्यास लाभ, असे त्यांत सांगितलेले असते. हे संशोधन मोलाचेच आहे. परंतु तो आकडा मोजला कसा, हे बातमीत क्वचितच येते आणि पुष्कळ दवाखान्यांत व शिबिरांत तर त्याची कोणाला फिकीरच दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण एका आरोग्य शिबिराला गेली होती. दोन जिने चढून, अर्धा तास रांगेत उभे राहिल्यावर तिचा नंबर लागला. पाठ टेकायची सोय नसलेल्या स्टुलावर बसवून, स्वेटरच्या बाहीवरूनच तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला गेला; हात खाली लोंबकळत होता आणि यंत्र चालू असतानाच तिला नाव, वय, गाव विचारणे सुरू होते. आकडा आला १६२/९४. तेवढ्या एका आकड्यावर तिला रोजची गोळी लिहून दिली गेली. पंधरवड्यातच सकाळी अंथरुणातून उठताना तिला घेरी येऊ लागली. एकदा तर ती मोरीच्या दारातच भिंत धरून खाली बसली. नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी थांबवून आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ शांत बसून रक्तदाब मोजायला सांगितले, तेव्हा सरासरी १३२/८०च्या आसपास आली.

मी तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे यातील निदान एक कारण मला फळ्यावर मांडता येईल. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा भार मिळून तेथील दाब पाऱ्याच्या सात-आठ मिलिमीटरने अधिक भरतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १३३ प्रौढांवर हेच तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. टेबलावर नीट टेकवलेल्या हाताच्या तुलनेत, हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी ३.९ने आणि बाजूला लोंबकळत असताना ६.५ने जास्त आला. त्याच विद्यापीठाचा २०२३चा अभ्यास पट्ट्याच्या मापाविषयी आहे. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा तब्बल १९.५ने फुगतो, उलट बारीक दंडाला तोच पट्टा बांधल्यास आकडा ३.६ने कमी दिसतो. आपल्याकडच्या किती सडपातळ आजींचा वाढलेला रक्तदाब अशा सैल पट्ट्यात लपून राहत असेल, या विचाराने मला काळजी वाटते.

रक्तदाब किती खाली आणावा हे रुग्णांवर तपासणाऱ्या ज्या ‘स्प्रिंट’ चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ९,३६१ जणांपैकी एका गटाचा वरचा आकडा १२०च्या खाली, तर दुसऱ्याचा १४०च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. पहिल्या गटात हृदयविकार, पक्षाघात अशा गंभीर घटना २५ टक्क्यांनी आणि मृत्यू २७ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र तेथे रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीनदा मोजून सरासरी काढली जात होती. शिवाय त्याच गटात मूर्च्छा येणे, क्षारांचे प्रमाण बिघडणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे प्रकारही अधिक होते. धावतपळत घेतलेल्या आकड्याला १२०चे ते उद्दिष्ट लावले, तर चाचणीतला लाभ बाजूला राहून तिच्यातला त्रास मात्र रुग्णाच्या वाट्याला यायचा.

हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड पोखरतो, आणि म्हणूनच तो अचूक मोजला जाणे इतके निकडीचे आहे. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांपैकी एक होता, तेव्हा मोजमापाची शिस्त आपल्याला नवी नाही. ती प्रत्येक शिबिरात आणि खासगी दवाखान्यातही दिसावी, एवढेच मागणे आहे. पाठीची खुर्ची, दंड हृदयाच्या पातळीवर येईल असे टेबल आणि निदान तीन मापांचे पट्टे यांना खर्च फार नाही. वेळ लागतो, हे मान्य. रांगेतल्या पुढच्या दोघा-तिघांना आधीच खुर्चीवर बसवून ठेवले, तरी पाच मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. बोलणे मोजून झाल्यावर करावे, मिनिटभराने पुन्हा मोजावे आणि आकडा फार मोठा किंवा प्रकृती गंभीर नसेल, तर दुसऱ्या दिवशीच्या मोजणीशिवाय कायमची गोळी सुरू करू नये. १७ मे रोजी जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त ठिकठिकाणी शिबिरे भरतील. त्यांच्या आयोजकांनी मंडपाच्या खर्चाआधी या खुर्च्या-टेबलांची तजवीज करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक